पस्तिशीत घाम येत होता का?

मंडळी, मागच्या महिन्यात काहीच लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी विचारणा केली. तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. काही कागद वाचत बसले होते, ते संपता संपेनात. इंग्रजी कागद आणि आमचं शिक्षण मराठी माध्यमातलं बी.ए., त्यामुळे शेजारी वीरकरांचा जुना शब्दकोश घेऊनच बसावं लागतं. वेळ लागतो.

तर झालं असं. आमच्या धाकट्या वन्संना दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला. वय तेव्हा ६९. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग शेक झाले. आता बऱ्या आहेत. दिवाळीत आमच्याकडे साताऱ्याला राहायला आल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे संध्याकाळी फिरायला निघाले, दारात बूट घालत होते, तर मागून त्यांचा आवाज आला, "वहिनी, तुम्ही रोज चालत राहिलात आणि मी घरात बसले. म्हणून मला झालं का हो हे?"

मी बुटाची नाडी बांधतच राहिले. काय सांगणार? "छे हो, काहीतरीच" म्हणाले, पण मला स्वतःलाच ते उत्तर पोकळ वाटलं. कारण 'व्यायाम करणाऱ्या बायकांना हा आजार कमी होतो' हे मीही वर्तमानपत्रात वाचलेलं होतंच. तेहेतीस वर्षं इतिहास शिकवला. मुलांनी अडचणीचा प्रश्न विचारला की "उद्या सांगते" म्हणायचं आणि रात्री पुस्तक उघडायचं, ही सवय. नातीला म्हटलं, हे व्यायामाचं आणि कॅन्सरचं कुणी, कधी, कसं शोधलं त्याचे मूळ कागद मला छापून दे. तिने गठ्ठाच आणून दिला.

पहिली गोष्ट कळली ती ही, की हा प्रश्न फार जुना आहे, पण म्हाताऱ्या बायकांना तो विचारायला फार उशीर झाला.

जुना म्हणजे किती, तर इटलीत रामाझिनी नावाचा वैद्य होता. १७०० साली त्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, १७१३ मध्ये वाढवून पुन्हा काढला. खाणकामगार, कुंभार, धोबी, दायी, सगळ्यांकडे जाऊन हा माणूस त्यांना काय काम करता म्हणून विचारायचा. त्याने लिहून ठेवलंय की स्तनाचा कॅन्सर मठातल्या नन्समध्ये इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो. पुढे १८४२ साली रिगोनी-स्टर्न या इटालियन वैद्याने व्हेरोना शहराच्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या, १७६० ते १८३९ पर्यंतच्या, आणि तेच आढळलं.

आता तुम्ही म्हणाल, बघा, मठात बसून राहायच्या म्हणून झालं! मीही क्षणभर तसंच म्हटलं. पण तसं नाही. त्यांना मुलं झालेली नसत, अंगावर पाजलेलं नसे, हे त्यातलं मोठं कारण. म्हणजे दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं धरायचं नाही. नववीच्या मुलांना हे सांगताना माझा घसा बसायचा.

ही गफलत टाळायची कशी, याची रीत एका बाईने घालून दिली. जेनेट लेन-क्लेपन, इंग्लंडमधली डॉक्टर. १९२६ साली तिचा अहवाल आला. स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५०० बायका आणि न झालेल्या ५०० बायका घेतल्या, दोघींना तेच ते प्रश्न विचारले: लग्न कधी झालं, मुलं किती, पाजलं का, पाळी कधी गेली. आणि मग ताळा केला. आज जगभर अशी जी पाहणी करतात तिची ही सुरुवातीची नमुनेदार आवृत्ती. १९२९ मध्ये तिचं लग्न झालं आणि कामही तिथेच थांबलं, कारण विवाहित बाईला तेव्हा इंग्लंडच्या सरकारी नोकरीत राहता येत नसे. (आपल्याकडच्या मास्तरणींनाच तेवढं असं ऐकावं लागतं अशी माझी समजूत होती.)

हालचालीचा आणि आजाराचा संबंध नेटकेपणाने मांडला तो जेरी मॉरिस यांनी, १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये. लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. पगार, वस्ती साधारण एकसारखी, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वरखाली. कंडक्टरांना हृदयविकार कमी. किती साधी कल्पना! पण पाहणीत सगळे पुरुष, आणि आजार हृदयाचा. बायका, आणि त्यांचा कॅन्सर, हे अजून कुणाच्या वहीत नव्हतं.

ते आलं १९८५ मध्ये, आणि पुन्हा एका बाईच्या वहीत. हार्वर्डच्या रोझ फ्रिश. या बाई तरुणपणी लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पात आकडेमोड करत होत्या. पुढे त्यांनी मुलींच्या अंगातली चरबी आणि पाळी यांचा संबंध अभ्यासला. खूप खेळणाऱ्या, सडपातळ मुलींची पाळी उशिरा सुरू होते, कधी मधेच थांबते. मग त्यांच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक जन्मभरात कमी बनत असेल का? आणि तसं असेल तर स्तनाचा कॅन्सरही कमी होत असेल का? फ्रिशबाईंनी अमेरिकेतल्या दहा कॉलेजांमधून १९२५ ते १९८१ या काळात पदवी घेतलेल्या ५३९८ जणींची माहिती गोळा केली. त्यातल्या २६२२ कॉलेजात असताना खेळाडू होत्या, २७७६ नव्हत्या. न खेळणाऱ्यांना स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण खेळाडूंच्या १.८६ पट निघालं.

माझं पहिलं वाटणं खरं सांगू? रागच आला. १९२५ मध्ये कॉलेजात खेळणारी मुलगी! माझ्या आईला तेव्हा कुणी शाळेत घातलं नसतं. म्हणजे ही सवलत ज्यांना मैदान मिळालं त्यांनाच, असं वाटलं.

१९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या लेस्ली बर्नस्टाइन यांची पाहणी आली. कॅन्सर झालेल्या ५४५ जणी, न झालेल्या ५४५ जणी, म्हणजे लेन-क्लेपनबाईंचीच रीत. पाळी सुरू झाल्यापासून आठवड्याला सरासरी ३.८ तास किंवा त्याहून जास्त व्यायाम करणाऱ्यांचा धोका निम्म्याहूनही कमी. वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला. पण त्या सगळ्या चाळिशीच्या आतल्या होत्या. आणि हा आजार होतो बहुतेक करून पन्नाशी ओलांडल्यावर.

१९९७ मध्ये नॉर्वेतली पाहणी. इंगर थुने आणि मंडळींनी २५,६२४ बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. फावल्या वेळात नियमित व्यायाम करणाऱ्यांना धोका ३७ टक्क्यांनी कमी. पण मी त्या कागदावर पेन्सिलने खूण केली ती दुसऱ्याच ओळीपाशी. त्यांनी *कामाबद्दलही* विचारलं होतं. काम बसून करता, चालून करता, की चालता आणि ओझी उचलता? आणि चालणाऱ्या-उचलणाऱ्या बायकांचाही धोका कमी निघाला. शब्दकोश बाजूला ठेवून मी चहा करून आणला. जात्यावर दळणारी, रहाटाचं पाणी ओढणारी आई कुणाच्या तरी रकान्यात बसली होती, नॉर्वेत का होईना.

आता वन्संच्या प्रश्नाच्या जवळ येऊ.

अमेरिकेत १९८०च्या दशकापर्यंत मोठमोठ्या पाहण्या पुरुषांवर होत. ॲस्पिरिनने हृदयविकार टळतो का हे पाहिलं ते २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर. बायका हे जरा वेगळ्या मापाचे पुरुष असावेत अशी समजूत! १९९१ मध्ये बर्नाडीन हीली या तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक झाल्या आणि त्यांनी खास पाळी गेलेल्या बायकांसाठी एक प्रचंड काम हाती घेतलं. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'. वयं ५० ते ७९. चाळीस केंद्रं. १९९३ ते १९९८ मध्ये एक लाख एकसष्ट हजारांवर बायकांनी नावं नोंदवली. याच कामातून २००२ मध्ये कळलं की पाळी गेल्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या दुहेरी संप्रेरकांच्या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर वाढतो. तो इतिहास वेगळा, पुन्हा कधीतरी.

त्यातल्या ७४,१७१ जणींचा व्यायामाचा हिशेब अ‍ॅन मॅकटिअर्नन यांनी २००३ मध्ये मांडला. सरासरी ४.७ वर्षं लक्ष ठेवलं, तेवढ्यात १७८० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. सध्या काय व्यायाम करता हे तर विचारलंच होतं, पण आणखी एक प्रश्न होता: तुम्ही १८ वर्षांच्या होतात तेव्हा, ३५ वर्षांच्या होतात तेव्हा, ५० वर्षांच्या होतात तेव्हा, आठवड्यातून तीनदा तरी घाम येईल आणि छाती धडधडेल असा व्यायाम करत होतात का?

मी पेन्सिल घेऊन स्वतःची उत्तरं लिहायला बसले. १८ म्हणजे १९६९. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगडी. घाम यायचा, पण वर्षातून किती रात्री? ५० म्हणजे २००१, तेव्हा गुडघे बोलायला लागले होते. आणि ३५ म्हणजे १९८६. पहाटे साडेचारला नळ यायचा. बादल्या, हंडे, मुलांचे डबे, मग शाळा, पावणेदोन किलोमीटर, बस चुकली की पळत. आल्यावर वह्यांचे गठ्ठे. घाम? छाती धडधडणं? पण त्याला व्यायाम म्हणायचं का, हे सांगायला समोर कुणी नव्हतं. रकाना मी कोराच ठेवला.

उत्तर काय निघालं ते सांगते. पस्तिशीत तसा व्यायाम करणाऱ्यांचा धोका १४ टक्क्यांनी कमी. १८ आणि ५० चे आकडेही त्याच बाजूला झुकले, पण खात्रीने सांगण्याइतके नाहीत. आणि *आत्ता*, म्हणजे पन्नाशीनंतर, आठवड्याला सव्वा ते अडीच तास झपझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांचा धोका, काहीच न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी. दिवसाला बारा-पंधरा मिनिटं झाली की सव्वा तासाच्या वर जातं. कॉलेजचं मैदान नको, खेळाडूपण नको. माझा तो राग बराचसा तिथे उतरला.

पण थांबा, अठरा टक्के म्हणजे किती? खडू घेऊन फळ्यावर मांडू. ७४ हजारांत १७८०, म्हणजे पाऊणेपाच वर्षांत हजारी २४ जणी. ढोबळ मानाने त्या २४ च्या जागी १९-२०. हजार चालणाऱ्या बायकांपैकी चार-पाच जणी वाचल्या, आणि एकोणीस-वीस जणींना चालत असूनही झालाच. त्या चार-पाच कोण, हे कुणालाही बोट दाखवून सांगता येत नाही. उरलेल्या नऊशे शहात्तर चालल्या नसत्या तरी त्यांना या काळात झाला नसता!

हे गणित सुटलं आणि मला आमच्या फिरण्याच्या कट्ट्यावरची एक मैत्रीण आठवली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आम्ही सहाजणी भेटायचो, ती सगळ्यांच्या पुढे. पावसात छत्री घेऊन यायची. तिला गाठ लागली होती हाताला, आठ महिने कुणाला बोलली नाही. का, तर "मी रोज पाच किलोमीटर चालते, मला काय होणार? वाताची असेल." तिला जाऊन सहा वर्षं झाली. वन्सं त्या चौदा किंवा अठरा टक्क्यांना आरोप समजल्या आणि माझी मैत्रीण त्यांना चिलखत समजली. चालण्याने गाठ सापडत नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी दीड लाखांवर बायकांची वीस वर्षं पाहणी करून २०२१ मध्ये दाखवलं की शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसतं हाताने तपासलं तरी पन्नाशीवरच्या बायकांचे स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात. मैत्रिणीच्या बाबतीत हे मला उशिरा कळलं.

चालल्याने आत नेमकं काय होतं? पाळी गेल्यावर बीजकोशांचं काम थांबतं, पण इस्ट्रोजेन बनणं पूर्ण थांबत नाही. ते चरबीत बनत राहतं. म्हणजे म्हातारपणी पोट सुटतं ते नुसतं पोट नसतं, तिथे एक छोटा कारखाना चालू असतो. मॅकटिअर्ननबाईंनीच सिअ‍ॅटलला १७३ बायका घेतल्या, ५० ते ७५ वयाच्या, बैठ्या आणि वजनदार. निम्म्या वर्षभर व्यायाम करणार, निम्म्या नुसते ताण देणार. २००४ मध्ये सांगितलं: व्यायामाने ज्यांची चरबी उतरली त्यांचं इस्ट्रोजेन उतरलं. ज्यांची नाही उतरली, त्यांचं नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात क्रिस्टीन फ्रीडनरायक यांनी ३२० बायकांवर असाच प्रयोग केला, २०१० मध्ये छापला, तिथेही इस्ट्रोजेन कमी झालेलं दिसलं. याशिवाय इन्शुलीन वगैरे आणखी वाटा आहेत, त्यात मी शिरत नाही, माझ्या आवाक्यातलं नाही.

एक मात्र नोंदवून ठेवते. हजारो बायकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटायचं, एका गटाला वर्षानुवर्षं चालवायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग कॅन्सर मोजायचे, असा प्रयोग कुणी केलेला नाही. करणं जवळजवळ अशक्यच. म्हणून नन्सच्या बाबतीतली ती जुनी शंका पूर्ण मिटत नाही. चालणाऱ्या बायका इतर बाबतींतही वेगळ्या असतात. जेवतात वेगळं, शिकलेल्या जास्त असतात. पाहण्या करणारे हे सगळं वजा करून पाहतात, पण वजाबाकीला मर्यादा आहे. तरी देशोदेशीचे आकडे एकाच बाजूला झुकतात, आणि २०१६ मध्ये १४ लाख ४० हजार स्त्री-पुरुषांची माहिती एकत्र केली तेव्हा स्तन, गर्भाशयाचं अस्तर, मोठं आतडं धरून तेरा प्रकारच्या कॅन्सरचा धोका हालचाल करणाऱ्यांत कमी दिसला. मला ते पटतं.

आपल्याकडचं काय? मुंबईत कॅन्सरची नोंदवही १९६३ पासून आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून, ती खेड्यांतली देशातली पहिली. बार्शीकडे स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा पुष्कळ कमी आढळलं. आमच्या सासूबाई हे ऐकून म्हणाल्या असत्या, "मिक्सर नव्हते, पाटा-वरवंटा होता, म्हणून." असेलही थोडं. पण त्या बायकांची लग्नं लवकर, मुलं लवकर आणि जास्त, पाजणं दोन-दोन वर्षं, आणि त्यांच्यात गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर मात्र पुढे. जात्यावरचे ते दिवस मी पाहिलेत. पाठदुखीने वाकलेली आईही पाहिलीये. तेव्हाच्या कष्टांना 'व्यायाम' म्हणून कुणी कौतुक करायला लागलं की मी गप्प बसत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी वन्संना फोन केला. सांगितलं, की तुमचा प्रश्न तपासला. तुम्ही बसून राहिलात म्हणून झाला असं जगातला कुणीही डॉक्टर तुमच्या एकटीबद्दल सांगू शकत नाही, आकडा हजारांचा असतो, एकीचा नसतो. आणि दुसरं सांगितलं, त्यांना त्याचाच उपयोग जास्त: २००५ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसची एक पाहणी आली, स्तनाचा कॅन्सर *होऊन गेलेल्या* २९८७ जणींची. त्यात आठवड्याला तीन ते पाच तास साध्या चालीने चालण्याइतकी हालचाल असणाऱ्यांत या आजाराने जाण्याचं प्रमाण न चालणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास होतं. (ज्यांची तब्येत मुळात बरी त्याच चालू शकतात, हे त्यात आहेच, तेही मी लपवलं नाही.) आणि २०२५ मध्ये तर चिठ्ठ्या टाकून केलेला खरा प्रयोग आला, आतड्याच्या कॅन्सरचा, ८८९ रुग्णांचा. उपचारांनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत आठ वर्षांनी ९०.३ टक्के हयात होते, नुसतं माहितीपुस्तक दिलेल्यांत ८३.२ टक्के. आजार वेगळा, पण बघा.

पलीकडे बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो कागद होता म्हणालात ना, पस्तिशीत घाम येत होता का म्हणून विचारणारा. माझं काय लिहिणार त्यात?"

म्हटलं, तुम्हीच सांगा.

"गिरगावात होतो आम्ही. तिसरा मजला, नळ खाली. चौदा वर्षं पाणी भरलं. पोटात धाकटा होता तेव्हाही."

मी म्हटलं, वन्सं, हा व्यायामच की.

"व्यायाम कसला डोंबलाचा," म्हणाल्या आणि हसायला लागल्या. खूप दिवसांनी हसल्या. मग विचारलं, पुढच्या महिन्यात डॉक्टरांना दाखवून झालं की साताऱ्याला येऊ का, आणि तुमचा तो कट्टा चढावर नाही ना. सपाट आहे म्हटलं. येताना मीच बूट घेऊन ठेवते म्हणाले, तर माप सांगितलं, सहा नंबर, पण पुढून रुंद हवा.